कन्फ्यूशियस गळ टाकायचा, जाळं नाही

पाणकावळा (धागाकर्ता)

मागे ताओवरच्या धाग्यात कुणीतरी ओघात लिहून गेलं होतं की चिन्यांचा निसर्ग ताओवाल्यांकडे (लाओत्सेची परंपरा), कन्फ्यूशियसकडे नुसता दरबार. त्याला झाडाझुडपांचं काही पडलेलं नव्हतं. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून ही वेगळी जिलबी.

आधी कबुली. जुनी चिनी भाषा मी घरच्या घरी शिकतोय. चार वर्षं झाली, अजून कोश उघडल्याशिवाय दोन ओळी पुढे सरकत नाहीत. चुकलो तर जाणकारांनी खुशाल कान धरावा.

कन्फ्यूशियस हा चिनी विचारवंत, इ.स.पू. ५५१ ते ४७९ मधला. त्याचे संवाद आणि आठवणी ज्यात गोळा झाल्या तो संग्रह म्हणजे 'लुन्यू'. त्याच्या सातव्या भागात एक इवलीशी नोंद आहे, मुळात जेमतेम नऊ अक्षरांची. गुरुजी गळ टाकायचे, पण प्रवाहात आडवं जाळं लावायचे नाहीत. दोरी बांधलेल्या बाणाने पाखरं टिपायचे, पण थाऱ्याला बसलेल्या पाखरावर बाण सोडायचे नाहीत. संपलं. का, ते सांगितलेलं नाही. उपदेशही नाही. कुणीतरी म्हाताऱ्याला नदीवर पाहिलंय आणि लिहून ठेवलंय, इतकंच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगायचं तर निराशा झाली. आपल्या कानांना सवय 'मारावं की मारू नये' या प्रश्नाची. श्रावण, एकादशी, माळ घातली की नाही घातली. इथे तो प्रश्नच नाही. गुरुजी मासे मारतात आणि खातातही. त्यांना पडलेला प्रश्न 'कसं' आणि 'केव्हा' एवढाच.

त्यातला 'केव्हा' हा जास्त खोल जातो. 'लीजी' नावाच्या विधिग्रंथात शिष्य झंगझी गुरूंचा दाखला देतो: एक झाड जरी अवेळी तोडलं, एक जनावर जरी अवेळी मारलं, तरी ते पुत्रधर्माला सोडून आहे. या वाक्यापाशी मी दोन दिवस अडलो होतो. झाड तोडण्याचा आणि आईबापांचा काय संबंध? मला लागलेला अर्थ असा: या लोकांच्या लेखी माणूस सगळं वळण घरात शिकतो. थोरांपुढे, धाकट्यांपुढे, पितरांपुढे हात राखून वागायला शिकतो. तोच राखलेला हात पुढे झाडापर्यंत पोचतो. जो झाडाशी ओरबाडून वागतो, त्याचं घरातलंच वळण कच्चं राहिलंय.

मेन्शियसने (त्याच्याच परंपरेतला, इ.स.पू. चौथं शतक) हेच राज्यकारभारात आणलं. ल्यांगच्या हुई राजाला तो सांगतो: शेतीच्या दिवसांत माणसं वेठीला धरू नका, धान्य खाऊन संपणार नाही. बारीक विणीची जाळी तळ्यात घालू नका, मासे-कासवं खाऊन संपणार नाहीत. कुऱ्हाडी रानात योग्य वेळीच न्या, लाकूड वापरून संपणार नाही. जिवंतांना पोसता आलं आणि मेलेल्यांना नीट पोचवता आलं, की राज्य तिथून सुरू होतं.

आणि त्याचं दुसरं सूत्र: आप्तांशी जिव्हाळा, लोकांशी माणुसकी, वस्तुमात्राशी 'आय'. हा 'आय' आजच्या चिनीत सरळ प्रेम या अर्थाने वापरतात. पण जुन्या भाषेत त्याला 'हात आखडणं, जपून वापरणं' अशीही छटा आहे, अगदी कंजूषपणापर्यंत जाणारी. एका राजाने बळीच्या बैलाची केविलवाणी नजर पाहून त्याला सोडवलं आणि त्याजागी मेंढरू न्यायला सांगितलं, तेव्हा प्रजा म्हणाली की राजा 'आय' करतो, म्हणजे चिक्कू आहे! तोच शब्द. तेव्हा झाडावर माया करा असं मेन्शियस म्हणत नाहीये बहुधा. झाडाच्या बाबतीत जरा चिक्कू व्हा, असं म्हणतोय.

तर माझं म्हणणं एवढंच की कन्फ्यूशियस आजच्या अर्थाने निसर्गप्रेमी नव्हताच. पण निसर्ग त्याच्या घराबाहेरही नव्हता. उतरंडीत खालच्या पायरीवर का होईना, घरातच होता. काय वाटतं?

गवती चहा

वाखु (वाचनखूण) साठवली. 'आय'चं प्रकरण फारच रोचक. माझी आजी नळाखाली भांडी घासणाऱ्याला 'पाण्याला जीव लाव जरा' म्हणायची, म्हणजे नळ बंद कर. जीव लावणं आणि काटकसर तिच्याही तोंडी एकच होती.

पण एक शंका. याच कन्फ्यूशियसची ती तबेल्याची गोष्ट आहे ना? तबेला जळाला, हा दरबारातून परतला आणि 'माणसं ठीक आहेत ना?' एवढंच विचारलं. घोड्यांचं विचारलं नाही. शाळेत असताना कुठेतरी वाचली होती, थोर माणसाचं उदाहरण म्हणून. मला तेव्हाही त्या घोड्यांचं वाईट वाटलं होतं.

खवचट खोबरं

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण सगळेच इतके गोड बोलताहेत की काडी टाकणं भाग आहे.

१) एवढं सगळं अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालं होतं, तर चीन बोडका कसा झाला? आन्यांगला, शांग राजवटीच्या जुन्या राजधानीत, त्या काळातल्या उत्खननात हत्तींची हाडं मिळाली आहेत. हनान प्रांताचं जुनं नाव ज्या अक्षराने लिहितात त्यात चक्क हत्ती बसलाय. आज चीनमध्ये रानटी हत्ती फक्त युन्नानच्या दक्षिण टोकाला. मधल्या काळात दरबारात कोण होतं? ताओवाले?

२) तुमचा तो मेन्शियसच मोठ्या अभिमानाने सांगतो की चौ घराण्याच्या सरदाराने वाघ, बिबटे, गेंडे आणि हत्ती हाकलून लांब घालवले आणि जगाला आनंदीआनंद झाला. त्याच्याच पुस्तकात यी नावाचा मंत्री डोंगर-पाणथळींना आगी लावून जनावरं पळवून लावतो, तेही कौतुकाने. हे वगळून बारीक जाळ्यांचं तेवढं उचललंत?

३) १९५८ ची चिमण्या मारण्याची मोहीम आहेच. ती कन्फ्यूशियसच्या नावे लावत नाही. तेवढा मी दिलदार आहे.

उंबरठा

@गवती चहा, तबेल्याच्या त्या वाक्यावर पूर्वीपासून खडाजंगी आहे. जुन्या चिनीत विरामचिन्हं नाहीत. ओळ साधारण अशी: 'माणूस दुखावला का नाही विचारलं घोडा'. नेहमीचं वाचन: '"माणूस दुखावला का?" घोड्याचं विचारलं नाही.' पण काहींनी तो 'नाही' मागच्या वाक्याला जोडला: '"माणूस दुखावला का नाही?" मग घोड्याचं विचारलं.' एका टिंबाच्या जागेवरून घोडे जगतात किंवा मरतात. आपल्याकडे ध चा मा झाला तसं, फक्त इथे कुणाच्या कारस्थानाशिवाय.

मला स्वतःला नेहमीचंच वाचन बरोबर वाटतं. दुसरं वाचन घोड्यांची कीव आलेल्या सज्जनांनी मागाहून शोधलेलं दिसतं. तबेल्यात मोतद्दार असतात. मोठ्या माणसाचा तबेला जळाला की सगळे 'घोडे किती गेले' विचारत येणार, कारण घोडा महाग आणि मोतद्दार स्वस्त. हा मोतद्दाराचं विचारतो. त्या गोष्टीचा रोख घोड्यांविरुद्ध नाहीच.

आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'लीजी'मधलीच दुसरी गोष्ट. कन्फ्यूशियसचा पाळलेला कुत्रा मेला. त्याने शिष्य झगोंगला पुरायला सांगितलं आणि म्हणाला, जुना पडदा टाकून देत नाहीत, घोडा पुरायला लागतो. गाडीचं जुनं छत टाकून देत नाहीत, कुत्रा पुरायला लागतं. मी गरीब, माझ्याकडे छत नाही. निदान चटई तरी दे खाली, त्याचं डोकं मातीत रुतायला नको.

गवती चहा

डोकं मातीत रुतायला नको.

बास, घोड्यांचं माफ केलं.

पाणकावळा

@खवचट खोबरं, दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. वाघ-हत्तींचा तो उतारा मी टाळला होता, पकडलंत. मेन्शियसला रान हवंय ते वापरातलं, राखलेलं. माणसाच्या पायवाटेपलीकडचं रान त्याला भीतीदायकच वाटतं. ज्यांच्या शेतात गवे उतरतात त्यांना विचारा, त्यांना तो परका वाटणार नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र थांबा. चीन बोडका होत होता हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. मेन्शियसची न्यूशान टेकडीची गोष्ट घ्या. न्यूशान म्हणजे बैलटेकडी, ची राज्याच्या राजधानीला, लिन्झीला लागून. तो म्हणतो: एके काळी या टेकडीवर सुरेख झाडी होती. पण मोठ्या शहराच्या वेशीवर पडली, रोज कुऱ्हाडी चालल्या. तरी रात्रीच्या विसाव्याने, दवापावसाने धुमारे फुटायचेच. मग तिथे गुरं-मेंढरं सोडली, तेव्हा ती अशी तुळतुळीत झाली. आता लोक बघतात आणि म्हणतात, इथे कधी झाडं नव्हतीच. हा काय टेकडीचा स्वभाव आहे?

पुढे तो हे माणसाच्या मनाला लावतो: माणूस दुष्ट दिसला म्हणून त्याच्यात चांगुलपणा कधी नव्हताच असं समजू नका, रोज कुऱ्हाड चाललीय त्याच्यावर. म्हणजे हे रूपक आहे, मान्य. पण रूपक चालायला समोरच्याने ती टेकडी पाहिलेली लागते. इ.स.पू. चौथ्या शतकात राजधानीबाहेरची बोडकी टेकडी ही इतकी रोजची गोष्ट होती की 'इथे कधी झाडं नव्हतीच' असं लोक खरोखर म्हणत होते. तो हे ज्या लोकांना सांगतोय ते चुलीला लाकूड त्याच टेकडीवरून आणत असणार.

रापण

इथे सहसा फक्त वाचतो, पण बैलटेकडी वाचून राहवलं नाही. हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी दोन्ही आहेत, शेजारी शेजारी. का, तर नुसती कुऱ्हाड थांबवून भागत नाही. खोडाला आलेला कोंब शेळी खाते, दुसऱ्या वर्षी परत येतो, परत खाते, तिसऱ्या वर्षी खोड मरतं. हे त्या बाबाने तेव्हा लिहून ठेवलंय: कुऱ्हाडीने टेकडी मेली नाही, चराईने मेली. ज्याने हे लिहिलं तो टेकडीवर चालून आलेला माणूस आहे.

आता माझ्या धंद्याचं. आयडीवरून कळलंच असेल. आमच्या घरात रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, दोन्ही टोकांना पंधरा-वीस माणसं. तुमच्या गुरुजींच्या हिशेबाने आम्ही वाईटच! पण रापणीला एक मर्यादा आपोआप होती, ती म्हणजे माणसांचे हात. किनाऱ्याजवळ मासा आला तर आला. आजोबा जाळ्याच्या आसात बोट घालून बघायचे. बोट अडकलं तर ते जाळं बाजूला, 'ह्या काय मच्छरदाणी हाडलंस?' असं मुलांना फैलावर घ्यायचे. पुढे पर्ससीन (होडीतून टाकायचं मोठं घेर जाळं) आलं, मग एलईडी दिवे आले, आणि भांडणं इतकी झाली की ती इथे उगाळत नाही.

पण आमचंही सगळं सोवळं नाही. पहिला पाऊस लागला की वहाळातून चढणीचे मासे वर येतात, पोटात गाबोळी (अंडी) भरलेली. त्या रात्री अख्खं गाव बत्त्या घेऊन पाण्यात. लहानपणी मी पण जायचो. कोयत्याच्या उलट्या बाजूने मारायचे, पाणी पांढरं व्हायचं गाबोळीने. तेव्हा मज्जा वाटायची. सरकारी बंदी समुद्रात, १ जून ते ३१ जुलै. वहाळात कोण बघतो?

तुमच्या चिन्यांनी गाभण माशांचं काही म्हटलंय का?

पाणकावळा

@रापण, म्हटलंय, आणि अगदी नेमकं. शुन्झी, मेन्शियसनंतरचा, इ.स.पू. तिसरं शतक. राजाची कामं सांगताना लिहितो: झाडंझुडपं फुलत-वाढत असतात तेव्हा कुऱ्हाड रानात न्यायची नाही. मासे, कासवं, सुसरी गाभण असतात आणि पिलं घालतात तेव्हा जाळी आणि विष पाण्यात घालायचं नाही. विषाचाही उल्लेख आहे, म्हणजे तेही चालत असणार.

आणि हाच शुन्झी सगळ्यात कोरडा. आकाशाचा क्रम कुणा चांगल्या राजासाठी चालत नाही की वाईट राजासाठी बंद पडत नाही, म्हणतो. पावसासाठी यज्ञ केला आणि पाऊस आला, याचा अर्थ काय? काही नाही. यज्ञ न करता आला असता तसाच आला. आकाशाकडे ऋतू, भूमीकडे संपत्ती, माणसाकडे व्यवस्था. ज्याने त्याने आपलं काम करावं, तरच तिघांची जोडी जमते. भक्तिभाव शून्य. तरी गाभण माशाला हात लावायचा नाही. कारण साधं: पुढच्या वर्षी काय खाणार?

रापण

ह्यो आमचो माणूस.

उंबरठा

थोडा खडा टाकतो. ही 'योग्य वेळी तोड'ची कल्पना कन्फ्यूशियन म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. १९७५ साली हुबेईत श्वेहूदी इथे चिन राजवटीतल्या एका कारकुनाची कबर सापडली, बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेल्या कायद्यांनी भरलेली. त्यात शेतजमिनीचे नियम आहेत: वसंताच्या दुसऱ्या महिन्यात रानातलं लाकूड तोडायचं नाही, पाण्याचे प्रवाह अडवायचे नाहीत, पिलं आणि अंडी घ्यायची नाहीत. आणि चिन राजवट म्हणजे कन्फ्यूशियनांची हाडवैरी, कायदा आणि दंडुका एवढंच मानणारी. म्हणजे ही त्या काळच्या शेतकरी राज्यांची सामाईक अक्कल होती. कन्फ्यूशियनांनी तिला नीतीचा मुलामा दिला.

त्याच कायद्यातला एक अपवाद मला फार आवडतो. घरात कुणी मेलं आणि शवपेटीला लाकूड हवं असेल, तर ऋतूचं बंधन नाही. दंडुक्यालाही तेवढं कळत होतं.

पुढे हान राजवटीच्या काळात हे नियम फर्मान म्हणून निघाले. तुनह्वांगजवळ श्वेनछ्वानला टपालाचं ठाणं होतं, वाळवंटाच्या तोंडाशी. तिथल्या भिंतीवर लिहिलेलं इ.स. ५ मधलं फर्मान सापडलंय, पन्नास कलमांचं, महिन्यांप्रमाणे: वसंतात झाडं तोडू नका, घरटी मोडू नका, वगैरे. ज्या ठाण्यावर झाड शोधायला दुर्बीण लागावी, तिथे भिंतीवर 'झाडं तोडू नका'. सरकारी परिपत्रकांची परंपरा जुनी आहे.

खवचट खोबरं

या परिपत्रकाला माझ्याकडून +१. आमच्या सोसायटीतही 'लॉनवर चालू नये' पाटी आहे. लॉन २०१६ साली गेलं.

गवती चहा

मध्येच माझ्या कामाचं आठवलं म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागा वाचून इकडेतिकडे शोधाशोध केली तेव्हा चेंग हाओ नावाचा अकराव्या शतकातला एकजण सापडला. तो म्हणतो, वैद्यकाच्या पुस्तकात हातपाय बधिर पडण्याला 'रन नसणं' म्हणतात, आणि हे नाव अगदी चपखल आहे. 'रन' म्हणजे कन्फ्यूशियनांचा तो मुख्य सद्गुण ना, माणुसकी? म्हणजे माणुसकी नसणं आणि पाय बधिर होणं याला एकच शब्द. ज्याच्यात रन आहे त्याला आकाश, भूमी आणि सगळे जीव मिळून एकच शरीर वाटतं; ज्याला वाटत नाही त्याचा तो भाग बधिर झालाय, इतकंच.

माझ्याकडे मधुमेहाचे पेशंट येतात. एक काका आले होते, सत्तरीचे, स्वतः स्कूटर चालवत. चप्पल काढायला सांगितली तर अंगठा सोलून चपलेच्या आत रक्त वाळलेलं. बारका खडा होता आत, सकाळपासून. काका म्हणाले, 'अरे, कधी झालं हे?' दुखत नाही म्हणजे बरा आहे, असं त्यांना वाटत होतं.

चेंग हाओ वाचताना मला ती चप्पलच दिसली. नदीत काही सोडताना आपल्याला दुखत नाही, ते याच अर्थाने असावं.

पाणकावळा

@गवती चहा, हे माझ्या वाचनात होतं, पण चप्पल नव्हती. धन्यवाद.

चेंग हाओचे नातलगच होते झांग झाई (१०२० ते १०७७). त्यांनी आपल्या अभ्यासिकेच्या पश्चिम भिंतीवर एक मजकूर लिहून ठेवला होता, तो 'पश्चिमेचा लेख' म्हणूनच प्रसिद्ध आहे. आकाश माझा बाप, भूमी माझी आई, सगळे लोक माझे भाऊबंद आणि वस्तुमात्र माझे सोबती. आता कुणीतरी 'वृक्षवल्ली आम्हां सोयरे' आणणार, म्हणून मीच आणतो. साम्य आहेच, पण फरक बघा. तुकोबा त्या सोयऱ्यांकडे एकांतासाठी जातात, माणसांच्या गलक्यातून सुटून. झांग झाई मात्र सोबती म्हटल्यावर लगेच पुढे राजा म्हणजे थोरला मुलगा, मंत्री म्हणजे घरचा कारभारी, म्हाताऱ्यांना मान द्या, पोरक्यांना सांभाळा, असं सगळं एकत्र कुटुंबच मांडायला घेतात. सुटका नाही. लुन्यूमध्येही गुरूंना दोन नांगर धरलेले विरक्त भेटतात. जग सोडा म्हणतात. कन्फ्यूशियस सुस्कारा टाकून म्हणतो, पशुपाखरांच्या कळपात तर जाऊन राहता येत नाही. या माणसांत नाही राहायचं तर कुणात?

खवचट खोबरं

निसर्गाशी एकरूप व्हायचा खरा प्रयोग एकानेच केला, वांग यांगमिंगने. तरुणपणी त्याला कळलं की वस्तूंचा शोध घेतला की तत्त्व सापडतं. म्हणून तो आणि त्याचा मित्र अंगणातल्या बांबूसमोर जाऊन बसले. टक लावून. मित्र तिसऱ्या दिवशी आजारी पडला. वांग म्हणाला, हा कच्चा आहे, आणि स्वतः बसला. सातव्या दिवशी तोही आजारी. निष्कर्ष: आपण काही थोर होणार नाही.

आता कुणी 'फॉरेस्ट बाथिंग'चं पॅकेज विकायला आलं की हे सांगायचं.

उंबरठा

हेही सांगायचं की पुढे हाच वांग (१४७२ ते १५२९) फार मोठा विचारवंत झाला. विहिरीत पडणारं मूल पाहून कळवळतो तसा माणूस पशुपक्ष्यांचं आक्रंदन ऐकून कळवळतो, झाड मोडलेलं पाहून हळहळतो, इतकंच काय, कौल फुटलेलं पाहूनही चुटपुटतो, असं त्याने लिहिलंय. कौल! निर्जीव. आणि तरीही, जनावर आणि गवत दोन्ही प्रिय असली तरी जनावराला गवत घालतोच. माणूस आणि जनावर दोन्ही प्रिय असली तरी आईबापांसाठी जनावर कापतोच, हेही तोच सांगतो. उतरंड सोडत नाही.

सुदूरपूर्वेकर

उशिरा आलो. शांतुंगमध्ये नोकरीला आहे, सहा वर्षं झाली. छूफू, म्हणजे कन्फ्यूशियसचं गाव, इथून बुलेट ट्रेनने जवळ, त्यामुळे भारतातून कुणी पाहुणा आला की माझी वारी ठरलेली.

गावाच्या उत्तरेला 'खोंगलिन' आहे, खोंग घराण्याचं, म्हणजे कन्फ्यूशियसच्या कुळाचं रान. खरं म्हणजे स्मशान. सुमारे २०० हेक्टर, भोवती भिंत, आत एक लाखाहून जास्त कबरी आणि त्यांच्यामधून जुनी सुरूसारखी झाडं, पीळ पडलेल्या खोडांची. पिढ्यान्पिढ्या एकाच कुटुंबाची माणसं तिथे पुरली जातायत. १९९४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कन्फ्यूशियसच्या कबरीजवळ झगोंगने लावलेल्या झाडाचं म्हणून एक वाळकं खोड जपून ठेवलंय. बाकीचे शिष्य तीन वर्षं सुतक पाळून गेले, हा सहा वर्षं झोपडी बांधून राहिला, असं सांगतात. कुत्रा पुरणारा तोच हा.

सगळ्या सपाट, शेतं आणि कारखान्यांच्या प्रदेशात एवढं जुनं रान शिल्लक का? निसर्ग म्हणून नव्हे. आजा-पणज्याच्या कबरीवरचं झाड कोण तोडणार, म्हणून. धागाकर्त्याच्या 'पुत्रधर्मा'चा मुद्दा मला तिथे उभं राहिलं की पटतो. आपल्याकडच्या देवराया देवाच्या भीतीने राहिल्या, ही बापाच्या.

अर्थात १९६६ मध्ये रेड गार्ड, म्हणजे माओचे तरुण कार्यकर्ते, इथे आले आणि त्यांनी कबरही खणली. तीच कबर आज दुरुस्त, स्वच्छ, समोर फुलं.

सध्या जिकडेतिकडे 'पर्यावरणीय संस्कृती'च्या पाट्या. २०१८ पासून ते शब्द देशाच्या घटनेतही आहेत, आणि भाषणांत मेन्शियसची बारीक जाळी हटकून येतात. पाट्यांवरून मी काही ठरवत नाही. पण @रापण, यांगत्से नदीत १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची मासेमारी बंदी आहे. दोन महिने नाही, दहा वर्षं. मच्छीमारांच्या होड्या काढून घेतल्या, पैसे आणि दुसरी कामं दिली. नदीतला तो प्रचंड सोंडवाला मासा, चिनी पॅडलफिश, मात्र त्याआधीच संपला. २०२२ मध्ये तो नामशेष झाल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं.

रापण

दहा वर्षं. इथे एकसष्ट दिवसांत लोकांचे हप्ते थकतात.

आणि होडी काढून घेतलेल्या माणसाला दुसरं काम दिलं म्हणजे काय दिलं, ते त्या माणसाला विचारायला हवं. मेन्शियसने मासे वाढले की सगळे पोटभर खातील असं म्हटलं, पण मधल्या वर्षांत कोळी काय खाणार ते म्हटलंय का?

पाणकावळा

@रापण, त्या उताऱ्यात तरी नाही. राजासाठीच लिहिलंय ते.

@उंबरठा, तुमचा खडा बरोबर लागला. 'कन्फ्यूशियनांनी शोधलं' असं माझ्या लिहिण्यातून ध्वनित झालं असेल तर मागे घेतो. मुलामा हा शब्द मात्र पटत नाही. 'अवेळी तोडलंस तर दंड' आणि 'अवेळी तोडलंस तर तू बापाचा कसला मुलगा' यात मला फरक वाटतो. दुसरं जास्त लागतं. (आणि त्याचाही जाच होतोच, ते वेगळं.)

जाता जाता, 'वेळ' या शब्दावरूनच लुन्यूमधली सगळ्यात गूढ नोंद. दहाव्या भागाच्या अगदी शेवटी. गुरुजी आणि शिष्य झलू डोंगरात. एक रानकोंबडी भुर्रकन उडते, घिरटी घालते, परत बसते. गुरुजी म्हणतात, 'डोंगरातल्या पुलावरची कोंबडी! हिची वेळ बघा, वेळ!' मग झलू काहीतरी करतो, ती तीनदा हुंगते आणि उडते. किंवा तो तीनदा हुंगतो आणि उठतो. कुणालाच खात्रीने लागत नाही.

उंबरठा

जुन्या भाष्यात याचा एक अर्थ फार मजेदार आहे. गुरूंना म्हणायचं होतं की ही नेमक्या वेळी उडते, नेमक्या वेळी बसते, काय शहाणी आहे. झलूला वाटलं, हिचा हंगाम आलाय असं म्हणताहेत. म्हणून त्याने ती धरली, शिजवली आणि गुरूंपुढे वाढली. आता नाही कसं म्हणणार? गुरूंनी तीनदा वास घेतला आणि उठून गेले.

खवचट खोबरं

अडीच हजार वर्षांत एवढा एकच शिष्य मला नीट समजला.

रापण

रस्सा केलान की सुक्का, ता लिहिलेला नाय?